रिपोर्ट तर नॉर्मल आहे

आमच्या मोठ्या भावाला घरात सगळे भाईजान म्हणतात, अम्मीसुद्धा. ते पंचवीस वर्षे बोटीवर तांडेल होते. जयगडच्या खाडीतून बोट बाहेर पडताना इंजिनाच्या आवाजावरूनही त्यांची हाक जेटीवर ऐकू यायची. मुअज्जिनसाहेब गावी गेले की फजरची अजान भाईजानच द्यायचे. जिथे सूर लांब ओढायचा तिथे त्यांचा श्वास कुठे संपतो हे कळत नसे. लहानपणी आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या बोटांवर मोजायचो आणि बोटे संपायची.

मे २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. रत्नागिरीच्या इस्पितळात अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. ज्यांच्या घरातले कोणी त्या दिवसांत इस्पितळात होते त्यांना त्याबद्दल काही सांगायला नको. अल्लाहच्या कृपेने भाईजान घरी परतले, अम्मीने शेजारीपाजारी खीर वाटली आणि आम्हांला वाटले, संपले एकदाचे.

सहा महिने गेले. घरापासून जेटीपर्यंतच्या वाटेत भाईजान तीनदा बसायचे. आधी किराणा दुकानाच्या बाकड्यावर, मग मोरीच्या कठड्यावर, मग जाळी शिवणाऱ्यांच्या शेडमध्ये. लोकांना वाटे, गप्पांची आवड लागली आहे. तेही तसेच भासवीत. बोटीवर जाणे बंद झाले. नमाज खुर्चीवर बसून सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सी.टी. स्कॅन केला. फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, तीही केली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे. आता भीती मनातून काढून टाका."

डॉक्टर हे वाक्य एकदाच बोलले. नंतर ते आम्हीच घरात कितीतरी वेळा बोललो.

रमजानमध्ये विहिरीवरचा पंप बिघडला. तो उचलून रिक्षात ठेवायचा होता. भाईजान दोन पावले पुढे आले, हात लावला आणि मागे होऊन ओट्यावर बसले. भाभी न बोलता पुढे आल्या. आम्हांला राग आला. म्हणालो, "भाईजान, फोटो साफ आहे, फुंकर साफ आहे. आता किती दिवस बसून काढणार?" ते काही बोलले नाहीत. खाली बघत राहिले.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'दम' हा शब्द दोन्ही भाषांत आहे. उर्दूत दम म्हणजे श्वास, दम म्हणजे क्षण, दम म्हणजे जीवही. मराठीत दम लागतो, दम धरतात आणि दम देतातही. वर्गात हे आम्ही मोठ्या हौसेने समजावून सांगतो. त्या दिवशी ज्याला दम लागत होता त्यालाच आम्ही दम दिला.

त्याच आठवड्यात एका पहाटे सहरीच्या आधी जाग आली. पडवीत कोणीतरी पुटपुटत होते. भाईजान अंधारात भिंतीला टेकून उभे होते आणि अगदी हळू आवाजात अजान म्हणून बघत होते. एका ठिकाणी श्वास तुटला. थांबले, पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच तुटला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. आम्ही दाराआड उभे होतो, तसेच परत अंथरुणावर आलो. मनाचा आजार असलेला माणूस रात्री कोणी बघत नसताना असे करील काय?

ईदच्या दिवशी इंग्लंडमधून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो शेफिल्डला शिकतो. भाईजानची तब्येत ऐकून तो म्हणाला, "इथल्या विद्यापीठात याच्यावरच काम चालू आहे. मी स्वतः त्या मशीनमध्ये झोपून आलोय." त्यांना तुलनेसाठी निरोगी माणसे लागतात, त्यांत तो गेला होता. छातीला एक जाकीट बांधतात. एम.आर.आय.च्या बोगद्यात झोपवतात. हातात एक लिटरची प्लास्टिकची पिशवी, तिला नळी. पिशवीत झेनॉन नावाचा वायू, सोबत नायट्रोजन. नळीतून तो आत ओढायचा आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरायचा. तेवढ्यात चित्र निघते. "मिनिटभर डोके हलके झाले, एवढेच," तो म्हणाला. झेनॉन जास्त प्रमाणात दिला तर माणसाला गुंगी आणतो, म्हणून थोडाच देतात आणि नर्स जवळ उभी असते.

भाईजान बाजूलाच होते. त्यांनी विचारले, "पण हवा फोटोत दिसते कशी?"

तांडेलाचा हा प्रश्न आमच्या मनात राहिला. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे बसलो, मामेभावाने पाठवलेले वाचले आणि जे समजले ते आधी भाईजानला सांगितले, आता वाचकांना सांगतो.

एम.आर.आय.मध्ये दिसते ते मुख्यतः शरीरातले पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुकेंद्र इवल्या लोहचुंबकासारखे वागते आणि मशीन त्याचा संदेश पकडते. मेंदू, गुडघा, मणका या सगळ्यांत पाणी भरपूर असल्याने त्यांची चित्रे सुरेख येतात. फुप्फुस म्हणजे बहुतांश हवा. त्यातून हवा आणि मांस यांच्या असंख्य सीमा एकमेकींना लागून असल्यामुळे जो थोडा संदेश असतो तोही पटकन विरतो. म्हणून साध्या एम.आर.आय.मध्ये फुप्फुसाच्या जागी नुसता काळोख दिसतो. एक्स-रे आणि सी.टी. फुप्फुसाची बांधणी दाखवतात. घर बांधून झाले आहे, खिडक्या जागेवर आहेत, एवढे त्यांतून कळते. खिडकीतून वारा येतो का, हे घरात राहणाऱ्यालाच माहीत. फुंकरीच्या तपासणीत हवेचे माप कळते, पण दोन्ही फुप्फुसांची बेरीज होऊन. शाळेचा निकाल नव्वद टक्के लागला म्हणून कोणत्या तुकडीतली मुले नापास झाली ते कुठे कळते?

मग संशोधकांनी उलटा विचार केला. मांसाचे चित्र येत नसेल तर आत जाणाऱ्या हवेचेच चित्र काढावे. अडचण अशी की वायू फार विरळ असतो. शिवाय साध्या अवस्थेत अणुकेंद्रांची ही लोहचुंबके निम्मी इकडे, निम्मी तिकडे तोंड करून असतात आणि एकमेकांना खोडून काढतात. दहा लाखांमागे पाच-सहांचाच काय तो फरक उरतो. शरीरात पाणी खच्चून भरलेले असते म्हणून तिथे एवढ्यावर भागते. वायूत भागत नाही. यावर उपाय लेसरच्या प्रकाशाचा. रुबिडियम नावाच्या धातूच्या वाफेवर विशिष्ट प्रकारचा लेसर सोडतात. ती वाफ त्याची शिस्त घेते आणि झेनॉनला धडकून त्याच्या अणुकेंद्रांना देते. आमच्या मैदानावर मधल्या सुट्टीत चारशे मुले चारी दिशांना तोंड करून असतात. शिट्टी वाजली की सगळी एकाच दिशेला वळतात. साधारण तसेच. संदेश दहा हजार पटींहून जास्त वाढतो. आणि शिट्टीनंतरची शिस्त जेवढी टिकते तेवढीच हीही टिकते. फुप्फुसात ऑक्सिजनच्या संगतीने ती अर्ध्या मिनिटाच्या आत उतरू लागते. म्हणून वायू तिथेच तयार करायचा, धावत आणायचा आणि एका श्वासात चित्र उरकायचे.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक आणि प्रिन्स्टन इथल्या संशोधकांनी उंदराच्या फुप्फुसात झेनॉन भरून असे पहिले चित्र काढले. पण माणसांवर आधी वापर झाला तो हेलियमचा, हेलियम-३ या दुर्मिळ प्रकाराचा. १९९६ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेत माणसाच्या फुप्फुसाची अशी चित्रे निघाली. निरोगी माणसाचे फुप्फुस सगळीकडे सारखे उजळलेले. दम्याच्या रुग्णाचे जागोजागी छिद्रे पडल्यासारखे, कारण तिथे हवा पोचलेलीच नाही.

हेलियम म्हटले की कोकणच्या माणसाला विजयदुर्ग आठवतो. २०१९ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर आम्ही तिथे गेलो होतो. किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. लॉकियर साहेबाने इथून १८६८ मध्ये ग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला, असे तिथे सांगतात. मुलांनी वहीत तसेच लिहून घेतले. खरी हकीकत थोडी वेगळी आहे आणि आमच्या मते कमी रंजक नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणासाठी जान्सन हे फ्रेंच संशोधक आंध्रात गुंटूरला होते. जॉन हर्शेल जमखंडीला होते, म्हणजे तेव्हाच्या पटवर्धनांच्या संस्थानात. लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्यातली पिवळी रेघ कोणत्याही ओळखीच्या पदार्थाशी जुळेना, म्हणून हा नवा पदार्थ असे त्यांनी मानले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. विजयदुर्गला लॉकियर खरोखरच आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच १८९८ सालच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी हवेतून एक नवाच वायू वेगळा केला. हवेच्या एक कोटीहून जास्त भागांत त्याचा एक भाग असतो. त्याचे नाव ठेवले झेनॉन. ग्रीकमध्ये झेनॉस म्हणजे अजनबी.

हेलियम-३ ची गंमत अशी की तो मुख्यतः अणुबॉम्बसाठी साठवलेल्या ट्रिटियमपासून मिळतो. २००१ नंतर अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर लपवून आणलेले अणुसाहित्य पकडणारी यंत्रे बसवली. त्या यंत्रांना हाच वायू लागतो. काही वर्षांतच साठा आटला आणि भाव भडकला. फुप्फुसांचे संशोधन करणारे नाइलाजाने झेनॉनकडे वळले. झेनॉन निदान हवेतून मिळतो. मोठ्या कारखान्यांसाठी हवा थंड करून ऑक्सिजन वेगळा करतात, त्यात तो हाती लागतो.

नाइलाजाने घेतलेला हा पाहुणाच जास्त कामाचा निघाला. हेलियम रक्तात जवळजवळ विरघळत नाही, झेनॉन विरघळतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या कोट्यवधी. त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते आणि भिंतीपलीकडे रक्त. ऑक्सिजन ही भिंत ओलांडून तांबड्या पेशीत जातो. झेनॉनही तोच रस्ता धरतो आणि प्रत्येक मुक्कामाला त्याचा सूर बदलतो. हवेत एक, भिंतीत दुसरा, तांबड्या पेशीत तिसरा. एकच माणूस अंगणातून हाक मारतो, माजघरातून मारतो आणि विहिरीतून मारतो, तेव्हा डोळे मिटूनही आपल्याला तो कुठे आहे ते कळते, तसे. मशीन तिन्ही सूर वेगवेगळे मोजते. भिंतीपर्यंत किती आले आणि पलीकडे रक्तात किती पोचले, याचा हिशेब मिळतो.

कोरोनानंतर हा हिशेब प्रथम मांडणाऱ्यांत चीनमधल्या वुहानचे संशोधक होते. इस्पितळातून घरी गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात वायूची देवाणघेवाण मंदावलेली आहे, असे त्यांनी २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड आणि शेफिल्डच्या संशोधकांनी नऊ रुग्ण तपासले. नऊच. पण त्यांची दमछाक तीन महिन्यांनंतरही चालू होती, आणि ज्यांचे सी.टी. जवळजवळ साफ होते त्यांच्यातही झेनॉन रक्तापर्यंत नीट पोचत नव्हता. पुढे इस्पितळात दाखलही न झालेल्या काही रुग्णांतही असेच आढळले. या अभ्यासांतली माणसे थोडी आहेत, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये हे आम्हांलाही कळते. तरी ते वाचताना पडवीतला तो अंधार आठवला. साफ फिल्मच्या आत काहीतरी अडले होते, आणि भाईजान वर्षभर तेच तर सांगत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तपासणीसाठी झेनॉनला १२ वर्षांवरील रुग्णांत परवानगी दिली. ती फुप्फुसात हवा कुठे पोचते एवढे पाहण्यापुरती आहे. स्वस्त वाटाही शोधल्या जात आहेत. मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन देऊन साध्या मशीनवर चित्र काढण्याची पद्धत १९९६ पासूनची. फ्लोरीनयुक्त वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून वापरायचा तर लेसरची गरजच पडत नाही.

पण जयगडच्या माणसाने काय करायचे? मामेभावाने शेफिल्डच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारून कळवले: "डी.एल.सी.ओ. करून घ्या. भारतात होते." हीसुद्धा श्वासाने वायू घेऊन करायचीच तपासणी आहे, आणि बरीच जुनी. यात कार्बन मोनॉक्साइड वापरतात. नाव ऐकून अम्मी घाबरल्या, कारण बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायू तोच. इथे तो शेकड्याला एक तृतीयांशाहूनही कमी असतो आणि एकाच श्वासापुरता. श्वास दहा सेकंद रोखायचा आणि सोडायचा. किती वायू परत आला ते मोजले की किती रक्तात गेला ते कळते. चित्र मिळत नाही. कुठे अडले ते दिसत नाही. पण अडले आहे की नाही, एवढे आकड्यात मिळते.

पावसाळा संपल्यावर आम्ही दोघे कोल्हापूरला निघालो. आंबा घाटात भाईजान खिडकीशी बसून होते. म्हणाले, "मास्तर, हाही रिपोर्ट नॉर्मल आला तर?" आम्ही म्हणालो, "तर दुसरी तपासणी शोधू." हे उत्तर आम्ही वर्षापूर्वी द्यायला हवे होते.

तिथल्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन पाहिले, हृदयाची इको केली. दम लागण्याची कारणे तिथेही असू शकतात, आणि रक्त कमी असले तर या तपासणीचा आकडाही फसवा येतो. मग काचेच्या खोलीत बसवून नाकाला चिमटा लावला. पहिल्या वेळी भाईजानला दहा सेकंद श्वास धरवेना. दुसऱ्या वेळी मुलीने काचेबाहेरून बोटे दाखवत मोजले, आठ, नऊ, दहा. रिपोर्ट आला. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला जेवढे अपेक्षित त्याच्या ५८ टक्के.

भाईजाननी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते बघून डॉक्टरसाहेबही गोंधळले असतील. वाईट रिपोर्ट मिळालेला माणूस हसत होता. "मास्तर," ते म्हणाले, "नॉर्मल नाही ना?"

"नाही, भाईजान."

"बघा."

पुढे फार बोलणे झाले नाही. माफी आम्ही मागितली ती परतीच्या वाटेवर, साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा, आणि तीही नीट जमली नाही. त्यांनी कप पुढे सरकवला आणि म्हणाले, चहा गार होतोय.

डॉक्टरांनी मोठे औषध दिले नाही. रोज चालायचे, मोजून. थकवा यायच्या आधी थांबायचे, नंतर नाही. श्वासाचे व्यायाम. बोटावर ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालायचे आणि ऑक्सिजन किती उतरतो ते वहीत लिहायचे. ही वही आम्ही ठेवतो. शाळेची जुनी हजेरीवही होती, तीच घेतली. जेटीच्या वाटेवर आता दोन थांबे आहेत, मोरीचा कठडा गळला. आम्हीही बसतो. वहिनीसाहेबांना, म्हणजे भाभींना, आता कोणी पंप उचलू देत नाही. ते काम आमच्याकडे आले आहे आणि कंबर धरते. ज्यांच्या घरी असा साफ फिल्मवाला, दम लागलेला माणूस असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना डी.एल.सी.ओ.बद्दल जरूर विचारावे. भाईजाननीच सांगितले आहे, लेखात हे लिहा.

मागच्या महिन्यात मुअज्जिनसाहेब गावी गेले होते. असरची अजान मोहल्ल्यातल्या एका मुलाने दिली. भाईजान खुर्चीवर, आम्ही शेजारी. लांब ओढीच्या जागी मुलाचा सूर मध्येच कापला गेला. भाईजान आमच्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पोरगा घाई करतो. नमाजनंतर त्याला माझ्याकडे पाठवा. आधी श्वास कुठे भरून घ्यायचा, ते सांगतो."